बुडबुड्याचं वय

प्रणिता गावकर दिवसभर खरवळ धरणाच्या पाण्यावर बुडबुड्यांची वाट बघत बसायची आणि सरकार तिला त्याचा पगार द्यायचं. नव्या खरवळच्या लोकांच्या हे काही केल्या पचनी पडेना. पोर शिकली, पुण्याला मोठ्या प्रयोगशाळेत लागली, पांढऱ्या कोटातले तिचे फोटो सगळ्यांनी कौतुकाने बघितले, आणि आता बघावं तर होडीत बसून पाण्यात नरसाळं धरून राहते. दत्ताराम परबांनी तर काठावरून हाक मारून विचारलंच, "गो प्रणिता, काय गावता काय थंय? का नुसती हवा खातंस?"

हवाच खाते, असं तिने हसून सांगितलं. ते फारसं खोटं नव्हतं.

झालं होतं असं, की त्या वर्षापासून देशातल्या प्रत्येक वीजकेंद्राला जीवनदाखला घेणं भाग पडलं होतं. वीज तयार होताना धूर निघतो की नाही, एवढंच बघून भागत नाही हे लोकांना उशिरा का होईना पटलं. सौरपट्टी उन्हात गुपचूप पडून असते, पण ती घडवताना भट्टी पेटलेली असते. पवनचक्कीच्या बुडाशी सिमेंट आणि पोलाद ओतलेलं असतं, आणि तिची पाती जुनी झाली की त्यांचं काय करायचं हा प्रश्न असतोच. अणुवीज खाणीतून सुरू होते आणि कचरा पुरण्यापाशी संपते. तेव्हा जन्मापासून मरणापर्यंत त्या केंद्रापायी हवेत गेलेला सगळा कार्बन एकत्र करायचा आणि त्याने जन्मभरात दिलेल्या युनिटांनी त्याला भागायचं. असा हिशेब मांडला की कोळशाच्या वाट्याला युनिटमागे हजाराच्या आसपास ग्रॅम येत, नैसर्गिक वायूच्या वाट्याला त्याच्या निम्मे, सूर्याच्या वाट्याला चाळीसेक, आणि वारा आणि अणू दहा-पंधरात सुटत. मर्यादा ठरली होती शंभराची. त्यावर गेलेलं केंद्र बंद.

पाण्याच्या विजेला सगळे सोवळ्यातली समजत. धूर नाही, राख नाही, खाण नाही. पण उष्ण मुलखात धरण भरलं की खाली बुडालेली पानं, गवत, मुळं तळाशी कुजत राहतात, आणि तिथे प्राणवायू नसल्यामुळे त्यांचा मिथेन होतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या तीसएक पट उष्णता धरून ठेवतो. तो बुडबुड्यांनी वर येतो, फुटतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. काही धरणांनी या एका वायूपायी कोळशाशी बरोबरी केलेली निघाली, तेव्हा भल्याभल्यांची झोप उडाली.

आता त्यातही भांडण होतंच. हा वायू कुणाचा? धरणाने बुडवलेल्या रानाचा असेल तर तो धरणाच्या माथी. पण डोंगरउतारावरच्या बागांतून वाहून आलेल्या पाल्याचा, शेणाचा असेल, तर तो कुठेतरी कुजणारच होता. कायद्याने त्याचा फारच थोडा वाटा धरणावर टाकला होता. बुडबुडा जुन्याचा की नव्याचा, हे सांगणारं यंत्र प्रणिताच्या प्रयोगशाळेने बनवलं होतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर बड्या देशांनी उघड्या हवेत अणुबॉम्ब उडवून बघितले, त्यामुळे जगभरच्या हवेतला एका विशिष्ट जातीचा, किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला. चाचण्या थांबल्यावर तो दरसाल उतरत गेला. प्रत्येक पान त्या त्या वर्षाची हवा खाऊन वाढतं, म्हणून पानात तेवढाच अंश उतरतो, आणि पान कुजून त्याचा बुडबुडा झाला तरी तो अंश काही पुसला जात नाही. पूर्वी हे मोजायला खोलीभर यंत्र लागायचं. आता ते टिफिनएवढ्या डब्यात आलं होतं. बुडबुड्याची जन्मपत्रिका मांडतो म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्या डब्याला जोशीबुवा म्हणत.

खरवळ धरणाची गोची अशी होती, की निम्म्याहून अधिक वायू जुना निघाला तर आकडा शंभरावर जाणार होता, आणि नवा निघाला तर सत्तरच्या आत राहणार होता. शंभरावर गेला की दरवाजे कायमचे उघडायचे. पाणी उतरलं की खालची जमीन मूळच्या माणसांना परत.

आणि मूळची माणसं तर काठावरच बसली होती.

खरवळ गाव बुडाला तेव्हा प्रणिताचा जन्मही झाला नव्हता. पण तिचे वडील लवू गावकर यांनी तिला तो गाव इतक्या वेळा सांगितला होता, की डोळे मिटून ती त्यातून चालू शकली असती. पाणंद कुठे वळते, विहिरीवर कुठल्या पायरीला पाय घसरतो, आणि गावाच्या खालच्या अंगाला देवाची राई कशी दुपारीही काळोखी असते. धरण भरायच्या आधी सगळी झाडं तोडायचा हुकूम निघाला होता. गावाने घरांभोवतीचे आंबे-फणस रडत रडत तोडू दिले, पण राईपाशी कुऱ्हाड अडवली. देवाला कौल लावला, देवाने नाही म्हटलं, आणि मग कलेक्टर येऊन गेला तरी गाव हलला नाही. शेवटी राई उभीच्या उभी बुडाली. यात सगळ्यांत पुढे होते लवू गावकर, तेव्हा तिशीतले. पुढे कित्येक वर्षं आजूबाजूच्या गावांत या गोष्टीवरून चेष्टा होत राहिली. बुडणाऱ्या झाडांसाठी भांडणारी माणसं म्हणून.

नव्या खरवळला जमीन मिळाली ती पाण्याच्या वरच्या उतारावर. तिथे या लोकांनी एक गोष्ट केली, जी दुसऱ्या कुणी केली नसती. त्यांनी झाड लावलं नाही. आंबा नाही, फणस नाही, नारळसुद्धा नाही. झाड लावायचं म्हणजे इथे राहायचं कबूल करायचं. त्यांनी केळी लावल्या. केळ वर्षभरात येते, घड देते, कापून टाकली की संपलं. तिच्यात जीव गुंतत नाही. आज ना उद्या परत जायचंच आहे, असं म्हणत त्यांनी पंचेचाळीस वर्षं केळीच लावल्या.

*

होडीला जागेवर धरून ठेवणारी मोटर त्या दिवशी सकाळी बिघडली. दुरुस्तीचा भाग कोल्हापूरहून यायचा होता. प्रणिता तेव्हा राईच्या बरोबर वर होती. पाण्याखालचं दाखवणाऱ्या होडीतल्या पडद्यावर झाडांचे शेंडे दिसत होते, उभे, न मोडलेले. तिने आजवर इथे कधी मोजणी केली नव्हती. ठरलेल्या जागांपैकी या राईवरच्या तिने मुद्दामच शेवटी ठेवल्या होत्या, जेवताना आवडता पदार्थ शेवटी ठेवतो तशी. वाऱ्याने होडी सरकायला लागली, तेव्हा तिने नांगर सोडला. दोर थोडासा गेला आणि सैल पडला. नांगर फांदीत अडकला, तळाला लागला नाही, असं ती धरून चालली.

जरा वेळाने नरसाळ्यात बुडबुडे आले, एकदम पाच-सहा. जोशीबुवांनी आपला वेळ घेतला आणि पडद्यावर वर्ष उमटलं. एकोणीसशे एक्याऐंशी.

आतापर्यंतच्या सगळ्या जागांवर परवापरवाची वर्षं येत होती. प्रणिताने तो आकडा दोनदा वाचला. मग नियम, सवय, पद्धत सगळं बाजूला ठेवून तिने फोन काढला आणि वडिलांना लावला.

"कितल्याचो म्हणालंस?" लवूंनी विचारलं.

"एक्याऐंशीचो, बाबा. रायतलो."

मग लवू म्हणाले, "त्या वर्सा मी घरात भांडान मुंबयक गेल्लंय. म्हयनोभर पण ऱ्हवूक नाय, परत इलंय. रायकडे पोचलंय तेव्हा पायाखाली सुक्या पानांचो आवाज झालो, आणि माका रडूक इला. तीच पाना ही."

"तीच असतली," ती म्हणाली, आणि तिलाही रडू आलं.

फोन ठेवून तिने नांगर ओढायला घेतला. दोर येत राहिला, तिला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ लांब. नांगर वर आला तेव्हा त्याच्या दोन्ही दातांना काळा चिखल होता आणि चिखलात पानांच्या शिरा. तो फांदीत अडकला नव्हताच. फांदीवरून घसरून थेट राईच्या जमिनीत रुतला होता, आणि पंचेचाळीस वर्षं निवांत बसलेला वायू त्याने उकरून वर काढला होता. हे बुडबुडे आपणहून आलेले नव्हते. असलं मोजमाप पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानेही केलं असतं तर तिने त्याला फैलावर घेतलं असतं.

तिने लगेच परत फोन लावला. लवूंचा फोन लागत नव्हता. ते गावाला कळवत होते.

*

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी नारळ आणला होता, कुणी पेढे. दत्ताराम परब, ज्यांनी आयुष्यात कुणाचं कौतुक केलं नव्हतं, तेही तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

"राय राखली म्हणान लोकांनी आमका येडे म्हटल्यानी," ते सगळ्यांना सांगत होते. "आता बघा. तीच राय धरणाक भारी पडली. देवान तेव्हाच सगळा बघून ठेवलेला."

लवू ओटीवर बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण त्या संध्याकाळी त्यांचा चेहरा प्रणिताला ओळखू येईना. आई गेल्यापासून तिने त्यांना असं बघितलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षं ज्या निर्णयाची लोकांनी टर उडवली, तोच आता सगळ्यांना घरी नेणार होता. ते प्रत्येकाचं ऐकून मान हलवत होते.

तिला सांगायचं होतं. तोंड उघडलं, आणि कुणीतरी त्यात पेढा घातला.

मग तिने स्वतःची समजूत घातली, आणि माणूस स्वतःची समजूत घालतो तेव्हा ती लगेच पटते. नांगराने आलेला बुडबुडा खोटा, कबूल. पण जुना वायू खाली आहे हे तर सिद्ध झालं ना? मग तो आपणहूनही येत असेल. पुन्हा नीट मोजू या. नांगर न टाकता, सकाळी वारा पडलेला असताना. एक जरी जुना बुडबुडा आपल्या पायांनी वर आला, तरी कुणाला काही सांगायची वेळ येणार नाही.

पुढचे कितीतरी दिवस ती उजाडताच पाण्यावर जात राहिली. मोटरचा भाग येतो येतो म्हणत आला नव्हता. निवांत पाण्यावर होडी जेमतेम सरकायची, तेवढ्या वेळात नरसाळं लावायचं. राईच्या कडेच्या जागा तिने एकेक करून केल्या. बुडबुडे येत. जोशीबुवा वर्ष सांगत. गेल्या साली उगवलेलं पान. त्याच्या आदल्या सालचं. कधी तीन वर्षांपूर्वीचं. ती वाट बघत बसायची ती एका माणसाची वाट बघितल्यासारखी, आणि यायचे ते भलतेच.

हा नवा वायू कशाचा, ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. बुडबुड्यातल्या इतर खुणा तिने तपासल्या आणि ओहोळाच्या तोंडाशी जाऊन बघितलं. घड उतरवल्यावर कापलेल्या केळी ओहोळात ढकलायच्या, हा नव्या खरवळचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. पावसाळ्यात त्या वाहून पाण्यात येत, तळाशी बसत, राईवर थर धरत. खाली जुनी राई थंड काळोखात जवळजवळ जशीच्या तशी उभी होती. वर कुजत होत्या त्या यांच्या केळी. परत जायचंय म्हणून लावलेल्या.

हे कळलं त्या दिवशी ती ओहोळाच्या काठावर बसून राहिली. तिला कुणावर रागावावं ते कळेना.

दुपारी पुण्याहून अलका देवस्थळींचा फोन आला. त्या तिच्या विभागप्रमुख.

"प्रणिता, तुझं ते एक्याऐंशीचं रीडिंग बघितलं. फारच सुंदर. तशी अजून किती आहेत?"

"अजून दोन जागा राहिल्यात, मॅडम. दोन्ही राईच्या वरच्या. हिशेबात राईचंच वजन सगळ्यांत जास्त."

"मग तिथेही तसंच आलं तर धरण शंभरावर जातंय, बरोबर? अहवाल उद्या दुपारपर्यंत पाठव. खालच्या गावातली तू, म्हणून मी आधी जरा बिचकत होते. पण यंत्राला काय, तुझं गाव ठाऊक नसतं."

यंत्राला नांगरही ठाऊक नसतो, असं प्रणिताच्या मनात आलं. उरलेल्या दोन जागांवर नांगर सोडायचा, बस. कुणी बघायला नाही. वायू खराच जुना, वर्ष खरंच जुनं, आकडा खरोखर शंभरावर. बाबा घरी. तिला ते हवं होतं. इतकं हवं होतं, की फोन ठेवल्यावर ती तशीच होडीपाशी गेली आणि नांगर उचलून आत ठेवला. मग तो बाहेर काढला. मग वर गावाकडे चालू लागली.

*

लवू केळीत होते. वाळलेली पानं सोलत होते. तिचा चेहरा बघून त्यांनी हातातलं पान टाकलं.

"काय झाला ता सांग."

"बाबा, तो बुडबुडो आपणहून इलो नाय. माझो नांगर तळाक लागलो, म्हणान इलो."

"म्हणजे खोटो?"

"खोटो नाय. एक्याऐंशीचोच तो. पण मी ढवळलंय म्हणान वर इलो. मगे इतके दीस बसलंय थंय. आपणहून राय काय्येक सोडणा नाय."

"मगे वर येता ता काय?"

तिने उत्तर द्यायच्या आधी एकदा भोवतालच्या केळींकडे बघितलं. लवूंनी तिची नजर पकडली.

"आमच्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांच्याच."

लवू बांधावर बसले. खाली, उतार संपतो तिथे, पाणी ऊन धरून पसरलं होतं. तिकडे बघत ते म्हणाले, आवाज अगदी हळू करून, जणू स्वतःलाही ऐकू जायला नको, "आणि परत टाकलंस नांगर, तर?"

"तर आकडो शंभराच्या वर जातलो."

"कोणाक कळात?"

"नाय कळाचा."

ते तिच्याकडे बघत राहिले. मागितलं काही नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"मी टाकूचंय नाय, बाबा," ती म्हणाली. हे आपण ठरवलं आहे हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

"मगे माका सांगूक कित्याक इलंस?" लवूंचा आवाज चढला. "तुका काय त्याचा? तुझा थंय काय्येक नाय. तू पाण्यानंतर जल्माक इलंस."

हे लागलं. ती मान वळवून उभी राहिली. मग म्हणाली, "तुमी सगळ्यांनी ता बघलास तरी. माका एकदा तरी थंय उभ्या ऱ्हवाचा होता. तुमच्या तोंडातसून ऐकान ऐकान माझा अर्धा आयुष्य गेला, बाबा. मी काय हौसेन नाय म्हणतंय?"

वाऱ्याने केळीची पानं फडफडत राहिली. मग लवूंनी एकदम विचारलं, "नांगर कसलो तो?"

"कसलो म्हणजे?"

"लाकडाचो काय लोखंडाचो?"

"लोखंडाचो."

ते उठले. चप्पल काढली आणि पाण्याकडे तोंड करून हात जोडले. ओठ पुटपुटले, पण तिला काही ऐकू आलं नाही. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "रायत लोखंड न्हेणत नाय गो. कमरेची कोयतीसुद्धा भायर ठेवची, मगे आत जावचा. कोणी तुका सांगूक नाय ता?"

"नाय."

"कोण सांगतलो? मीच सांगूक व्हया होता. सगळा सांगलंय, ताच ऱ्हवला." त्यांनी चप्पल घातली. "परत टाकू नको. घराक जावक मेळता म्हणानसुद्धा टाकू नको. काय?"

"नाय टाकणंय."

"किती जागे ऱ्हवलेत?"

"दोन. आता वारो सुटलो, होडी ऱ्हवाची नाय. उद्या सकाळी करीन म्हणतंय."

"उद्या कित्याक? मी वल्ह्यार बसतंय. होडी हलाची नाय."

खाली उतरताना वाटेत दत्ताराम परब भेटले. काठावरच्या मोकळ्या पट्ट्यात त्यांनी खुंट्या ठोकून सुतळी ताणली होती. पाणी उतरल्यावर कुणाचं आवाठ, म्हणजे घर-आवार, कुठून सुरू व्हायचं, याचा त्यांनी वरूनच अंदाज बांधायला घेतला होता.

"दत्ता, सुतळी गुंडाळ," लवू म्हणाले.

"कित्याक?"

"पाणी उतराचा नाय."

"कोण म्हणता?"

"माझा चेडू."

दत्तारामांनी प्रणिताकडे बघितलं. "उतारतला म्हणान सांगणारा पण तुझाच चेडू होता, लवू."

"होय. तेव्हा चुकला. आता चुकूक नाय. आणि दत्ता, ह्या धरणाक वाचयल्यानी कोणी म्हायत आसा? आमच्या केळींनी."

दत्तारामांनी सुतळी गुंडाळली नाही; तशीच ताणलेली ठेवून ते घराकडे निघून गेले. रात्रीपर्यंत सगळ्या गावाला कळेल, आणि उद्या अंगणात कुणी पेढे घेऊन येणार नाही, हे बाप-लेकीला ठाऊक होतं.

*

लवू पंचेचाळीस वर्षांत या पाण्यावर कधी उतरले नव्हते. आपल्याच घरावरून होडी न्यायची, हे त्यांना जमलंच नव्हतं. होडीत पाय ठेवताना ते क्षणभर थांबले. प्रणिताने हात पुढे केला. तो त्यांनी धरला नाही, काठ धरला आणि आत उतरले.

बोलले मात्र खूप. वल्हं मारता मारता खाली बोट दाखवत होते. हय पाणंद. हय सदू धुरीचो गोठो. हय विहीर, तुझी आवस लगीन होऊन इली तेव्हा पयल्याच दिवशी हय कळशी पडली तिची. प्रणिता पडद्यावर बघत होती आणि ते खरंच जिथे बोट दाखवतील तिथे काही ना काही उंचवटा दिसत होता. तिने ते त्यांना सांगितलं नाही. त्यांना पडदा लागत नव्हता.

राईवर पोचल्यावर त्यांनी चप्पल काढली. वारा चांगलाच होता, पण धरणाआधीच्या नदीवर होडी चालवलेल्या हातांनी त्यांनी वल्ह्याच्या अशा काही बारीक हालचाली करून होडी धरली, की मोटरलाही जमलं नसतं तशी ती एका जागी राहिली. पहिल्या जागेवर दोन बुडबुडे आले, दोन्ही नवे. दुसऱ्या जागेवर बराच वेळ काहीच नाही. मग एक आला. गेल्या सालचा.

नांगराने आलेलं ते एक्याऐंशीचं मोजमाप तिने खोडलं, तेव्हा जोशीबुवांनी सगळ्या जागांचा बेरीज-भागाकार केला आणि आकडा दाखवला. अडुसष्ट. धरण राहणार होतं. खालची राई, पाणंद, विहीर पाण्यातच राहणार होती, बाबांच्या हयातीत तरी नक्की, आणि बहुधा तिच्याही.

"झाला?" लवूंनी विचारलं.

"झाला."

तिने आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली. वल्ही तशीच हातात होती. परत फिरायचं त्यांनी नाव काढलं नाही. पाण्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "आणि एक बघया काय? ह्यो मोजूचो नाय. असोच."

मोजणी संपली होती. यानंतर जो बुडबुडा येईल तो कुठेच धरला जाणार नव्हता, कुठल्याही वर्षाचा असो. आणि तो कुठल्या वर्षाचा असेल हे इतक्या दिवसांत तिला पुरतं कळून चुकलं होतं. तिने नरसाळं पुसायला घेतलं होतं, ते परत पाण्यात सोडलं.

होडी जराशी फिरली होती. लवूंनी एक वल्हं मारून ती सरळ केली.

"येतलो," ते म्हणाले. "वायच दम धर."